हातांना आलेला गुण

१

शिंपीणमावशींचा देह अजून इस्पितळातून बाहेर आला नव्हता, आणि त्यांचा मुलगा पोलीस ठाण्यात टेबलावर मूठ आपटून सांगत होता, "माझ्या आईला माझ्या बायकोनं मारलं. लिहून घ्या."

टेबलापलीकडच्या अधिकारी बाईला अख्खं ठाणं पाठीमागे लवंगी म्हणायचं. उंची बेताची, आवाज झणझणीत आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

"मूठ उघडा आधी," ती म्हणाली. "टेबल सरकारी आहे. आता बसा आणि नीट सांगा."

मुलगा छापखान्यात कामाला होता. नखांत शाई, डोळे सुजलेले. तो सांगू लागला. आईला जुना संधिवात. बोटं अशी आखडायची की बटण धरवत नव्हतं, मशीन कापडाखाली झाकून ठेवलेलं. कोपऱ्यावरच्या वैद्यबुवांचं चूर्ण ती कितीतरी वर्षं घेत होती, त्यानं जरासा आराम पडायचा. पण गेली दोनेक वर्षं त्याच चूर्णानं असा काही गुण आला, की ज्याचं नाव ते. दुखणं पळालं. मावशी पुन्हा मशीनवर बसल्या. गल्लीतल्या पोरांचे गणवेश पुन्हा त्यांच्याच हातचे.

"आणि माझी बायको विज्ञान शिकवते शाळेत. तिच्या मते ते सगळं थोतांड. मी कामासाठी बाहेरगावी गेलो आणि इकडे हिनं बरणी मोरीत रिकामी केली. आईनं हातापाया पडून मागितली, तरी दुसरी आणू दिली नाही. मग आईला ताप आला, उलट्या सुरू झाल्या, अंथरुणातून उठवेना. हिनं काय दिलं? आल्याचं पाणी. ते प्यायली आणि न्हाणीघरात कोसळली. पुन्हा डोळे उघडलेच नाहीत तिनं."

"आल्याच्या पाण्यानं माणूस मरत नाही."

"त्यात काहीतरी होतं."

"काय?"

"ते तुम्ही शोधा. पगार कशाचा घेता?"

लवंगीला राग आला, आणि तिचं डोकं चालू लागायला तेवढं पुरायचं.

२

सून स्वयंपाकघरात उभी होती. रडली नव्हती. ओट्यावर आल्याच्या पाण्याचं पातेलं तसंच झाकून ठेवलेलं.

"हे न्यायला आला असाल," ती म्हणाली. "न्या. थेंबसुद्धा सांडलेला नाही. मला ठाऊक होतं तो काय बोलणार ते."

"चूर्ण तुम्ही फेकलंत?"

"हो, मीच. आईंची साखर वाढत चालली होती. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, तो पालापाचोळा बंद करा. मी केला."

"शेजारचे म्हणतात, तुम्ही मावशींना मारहाण करायचात. हातांवर काळेनिळे डाग होते म्हणे."

सुनेनं ओट्याची कड घट्ट धरली. "आधार देऊन उठवलं तरी डाग पडायचा त्यांना. पिशवीचा बंद दंडाला लागला तरी पडायचा. कातडी कांद्याच्या सालीसारखी झाली होती. मी सांगून दमले, बाई. या घरात माझं ऐकतं कोण?"

भिंतीवर मावशींचे दोन फोटो होते. जुन्यात गाल बसलेले, हनुवटी टोकदार. नव्यात चेहरा वाटोळा, गाल तुकतुकीत, मानेवर मांसाचा उंचवटा. हातपाय मात्र काटकुळे.

"तब्येत सुधारली होती की," लवंगी म्हणाली.

"सगळे हेच म्हणायचे."

"झाडपाल्यावर तुमचा विश्वास नाही, मग आल्याचं पाणी कसं दिलंत?"

"आल्यानं मळमळ कमी होते, म्हणून दिलं. मला झाडपाल्याचा राग नाही. आत काय आहे ते न सांगता बरणी हातात ठेवणाऱ्यांचा आहे." तिनं पातेल्यावरचं झाकण घट्ट बसवलं. "आईंना इस्पितळात नेल्यावर मी त्या दुकानात फोन केला. म्हटलं, काय घातलंय तुम्ही त्यात? तर पलीकडच्या माणसानं एकच विचारलं, 'बंद कधी केलं?' मी सांगितलं, तसा फोन ठेवूनच दिला."

"वैद्यबुवा होते?"

"पुरुषाचा आवाज होता, एवढंच सांगू शकते. मी त्या दुकानाची पायरी कधी चढले नाही."

लवंगी पातेलं उचलत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. इस्पितळातली परिचारिका होती. आवाज दबका.

"बाई, काल बोलायला भ्याले. त्या आजीबाईंना कुणीतरी चोरून काहीतरी भरवत होतं. मी डोळ्यांनी पाहिलं."

३

"तोंडाला मास्क होता," परिचारिका सांगत होती. "मी सलाईन बदलायला आले तर हा बाबा खाटेवर वाकलेला. चमच्यानं काहीतरी तपकिरी आजींच्या ओठांत कोंबतोय. त्या बेशुद्ध! घशात अडकलं असतं तर? मी किंचाळले, तसा उडी मारून जिन्यानं धूम पळाला. मी आजींचं तोंड पुसून घेतलं. आत काही गेलं नव्हतं."

"ओळखाल त्याला?"

"डोळे तेवढे दिसले. पण अंगाला सुंठेचा वास येत होता. भपकाच."

लवंगीनं दात खाल्ले. फोनवरचा माणूस, सुंठेचा वास, चोरून भरवलेली भुकटी. वैद्याच्या दुकानाशिवाय दुसरीकडे बोट जाईना. ती तडक शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. विष कुठलं एवढंच ऐकायचं बाकी आहे, अशा थाटात.

"विष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे कुठलंही नाही. आल्याच्या पाण्यात आलं आहे आणि पाणी आहे. बाईंच्या पोटात तेही जेमतेम."

"मग धडधाकट बाई मेली कशानं?"

"धडधाकट नव्हती. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. यांच्या पार सुकून गेल्या होत्या. अशा ग्रंथी मी स्टेरॉईडच्या गोळ्या फार दिवस घेणाऱ्यांत पाहिल्यात. ही बाई कुठलं स्टेरॉईड घेत होती?"

"कुठलंच नाही. फक्त झाडपाल्याचं चूर्ण."

लवंगीच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा तो वाटोळा चेहरा आला.

"चेहरा गोल होतो का त्यानं? कातडी पातळ होते? साखर वाढते?"

"सगळं होतं. दुखणंही पळतं, तेही बघता बघता. झाडपाल्याला असा झटपट गुण येत नाही, बाई. त्या ग्रंथी शरीराला लागणारं एक रसायन रोज बनवतात, स्टेरॉईड त्याच जातीचं. ते बाहेरून आयतं मिळालं की ग्रंथी काम सोडतात. मग एक दिवस बाहेरचं एकदम बंद करायचं, त्यात ताप यायचा. शरीर मागतंय आणि द्यायला कुणीच नाही. रक्तदाब घसरतो, माणूस कोसळतो. सलाईन ओतून भागत नाही."

"भागतं कशानं?"

"तेच औषध शिरेतून द्यायचं. साधं इंजेक्शन. प्रत्येक इस्पितळात असतं."

"दिलं असतं तर?"

"बहुतेक वाचल्या असत्या. पण द्यायचं कशावरून? वॉर्डातल्या डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं होतं, काही औषधं चालू आहेत का. उत्तर मिळालं, काही नाही."

४

वैद्यबुवांचं दुकान लांबोडकं आणि अंधारं होतं. छतापर्यंत लाकडी कप्पे, हवेत सुंठ आणि हळद, कोपऱ्यात चूर्ण दळायची गिरणी. गल्ल्यावर जावई होता. चाळिशीचा, चुणचुणीत, शर्टाच्या घड्या टोकदार. आत खाटेवर वैद्यबुवा पाय पसरून बसलेले. एक गुडघा नारळाएवढा सुजलेला. उठून उभं राहायला त्यांना काठी लागली, शिवाय जावयाचा खांदा.

"मावशी गेल्याचं कळलं," म्हातारबुवा म्हणाले. "फार वाईट झालं. माझ्या दुकानातल्या पडद्यांना टाके तिचेच आहेत."

"तुमच्या चूर्णात काय असतं?"

"लपवण्यासारखं काय आहे? सुंठ, हळद, एरंडमूळ आणि आणखी दोन मुळ्या. दाखवतो. मी सांगून देतो, दळतात आणि भरतात जावईबापू. माझ्यानं आता गिरणीशी उभं राहवत नाही."

"दुखणं पळतं त्यानं?"

"पळायला ते चोर आहे का?" म्हातारबुवा हसले. "सकाळचा ताठरपणा कमी होतो. काहींना तेवढाही होत नाही. पोटात आग पडली तर बंद करा म्हणतो, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांना तर देतच नाही. औषध म्हटलं की दोन्ही बाजू आल्या."

"तुम्ही स्वतः घेता?"

"रोज. माझ्या डब्यातलं. त्याच्याच जोरावर खाटेपासून दारापर्यंत जातो."

जावई मध्येच म्हणाला, "मॅडम, नमुना हवा तर घेऊन जा. कुठलीही बरणी उचला, तुमच्याच हातानं."

तो इतक्या अघळपघळपणे म्हणाला, की लवंगीला तिथेच खटकलं. तरी तिनं तीन वेगवेगळ्या कप्प्यांतल्या बरण्या उचलल्या.

वाटेत ती मावशींच्या डॉक्टरांकडे थांबली. ते चिडले. "मी विचारलं होतं ना! म्हणाल्या, फक्त झाडपाला. मग मी काय समजणार?"

"चेहरा बघितला नाहीत?"

"मला वाटलं, भरला."

"तुम्हालाही तेच वाटलं," लवंगी म्हणाली. "मग त्या दारावरच्या पाटीचा उपयोग काय? चूर्णात काय आहे हे न बघता घ्या म्हणणारा एक, आणि न बघता बंद करा म्हणणारे तुम्ही."

काही दिवसांनी प्रयोगशाळेचा निरोप आला. तिन्ही बरण्या स्वच्छ. सुंठ, हळद, मुळ्या. बाकी काहीही नाही.

त्याच दुपारी मावशींचा मुलगा ठाण्यात पुन्हा येऊन उभा राहिला. "आता तरी तिला धरणार की नाही?"

५

लवंगी त्याला तिथेच सोडून निघाली. ती वैद्याच्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकांकडे बघत राहिली. बघता बघता तिच्या अंगावर काटा आला. सगळे नव्हते, पण बरेचसे होते. वाटोळे, तुकतुकीत चेहरे. एकाच आईची लेकरं असावीत तसे. त्यांतला एक तिच्या ओळखीचा निघाला, बेकरीतला पाववाला.

तिनं त्याला बेकरीत गाठलं. तो कणकेचा गोळा दणादण आपटत होता.

"बोटं चांगली चालतायत," ती म्हणाली.

"चूर्णाची कृपा! दोन वर्षांपूर्वी मैदा मळताना रडू यायचं. आता बघा."

"सगळ्यांना हाच गुण येतो?"

"नव्यांना नाही. त्यांना कप्प्यातली बरणी. आम्हा जुन्यांना खास." त्यानं फडताळातून बरणी काढली. दिसायला तशीच, फक्त झाकण लाल. "हे आतून आणून देतात. आणि बजावून सांगतात, एकही दिवस चुकवायचा नाही. सोडायचं झालं तर आधी विचारायचं, हळूहळू कमी करत सोडायचं."

"कोण बजावतं?"

"दुकानातून निरोप येतो. वैद्यबुवांनी सांगितलंय म्हणे."

"वैद्यबुवांनी स्वतः कधी सांगितलं?"

पाववाल्याचे हात थांबले. "आता तुम्ही विचारताय तर... स्वतः ते म्हणायचे, बरं वाटलं की बंद कर."

लाल झाकणाच्या बरणीचा निकाल लवकर आला. तिच्यात स्टेरॉईड होतं. भरपूर.

लवंगीनं तो निकाल वाचला आणि हातातला पेन्सिलीचा तुकडा मोडला. हळूहळू सोडा! सुंठ कोण हळूहळू सोडतं? हे बजावणाऱ्याला आपण काय खायला घालतोय ते पक्कं ठाऊक होतं. आणि दुकानात माणसं दोनच होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हवालदारांना घेऊन दुकानात शिरली. जावई गल्ल्यावर, वैद्यबुवा खाटेवर.

"ऐका," ती मोठ्यानं म्हणाली. "या दुकानातली एकूण एक बरणी जप्त. गिऱ्हाइकांच्या घरांतलीसुद्धा. माझी माणसं गाडी घेऊन निघालीत. आज संध्याकाळपासून कुणाच्याही पोटात यातली चिमूटसुद्धा जाणार नाही."

यातलं गाडी निघाल्याचं खोटं होतं. ते तिच्या हवालदारांनाही माहीत नव्हतं.

म्हातारबुवांचा चेहरा लाल झाला. "न्या! सगळं न्या! जन्मभराच्या नावाला काळं फासताय, फासा. माझं चूर्ण वर्षभर कुणी घेतलं नाही तरी कुणाचं काही बिघडणार नाही. जरा जास्त दुखेल, एवढंच."

जावयाच्या तोंडावरचा रंग मात्र उतरत गेला.

"तुमचं काय म्हणणं?" लवंगीनं विचारलं. "धंदा बुडेल?"

"धंदा गेला खड्ड्यात. मॅडम, गाडी थांबवा."

"का?"

"असं एकदम बंद करू नका. थोडं थोडं कमी करा. एकदम नको." त्याचा आवाज फाटला. "माणसं मरतील!"

वैद्यबुवांनी काठी टेकली आणि कुणाच्याही आधाराशिवाय, ओठ आवळत, उभे राहिले.

"सुंठ बंद केल्यानं माणूस मरतो, जावईबापू?"

जावयानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नाही मरत," लवंगी म्हणाली. "वैद्यबुवा, तुमच्यावर माझा संशय कालपर्यंत होता. पण तुमचा गुडघा बघा. गावभर माणसं ज्या चूर्णानं उड्या मारतात, ते बनवणारा स्वतः काठीवर चालतो! कारण तुमच्या डब्यात कधी काही मिसळलंच नव्हतं. आणि इस्पितळातून जो पळाला, तो जिन्यावरून धावत गेला. तुम्हाला तो जिना चढवलाही नसता. आता बोला, जावईबापू. आधी कुठं होतात नोकरीला?"

"औषधांच्या गोदामात," तो बोटांआडून म्हणाला. "तिथला एक जण अजून गोळ्या आणून देतो. मी गिरणीत... सासरेबुवांच्या चूर्णाला लोक नावं ठेवायचे. गुण नाही म्हणायचे. दारातून परत जायचे. मावशी तर माझ्यासमोर रडल्या, सुई धरवत नाही म्हणून. पहिली खास बरणी त्यांनाच दिली. त्यांनी माझे हात हातात घेतले, मॅडम. कुणी असे कधी घेतले नव्हते."

"आणि त्या गेल्यावर कप्प्यांतल्या साध्या बरण्या दाखवून मला म्हणालास, कुठलीही उचला."

"मी त्यांना वाचवायला गेलो होतो! फोन आला आणि मला कळलं काय झालंय ते. मी चमचा घेऊन धावत गेलो की नाही?"

तेव्हा मात्र लवंगीचा तोल गेला. ती त्याच्या इतक्या जवळ जाऊन उभी राहिली, की त्याला मागं कप्प्यांना टेकावं लागलं.

"चमचा घेऊन? बेशुद्ध बाईच्या तोंडात? दहा पावलांवर डॉक्टर होता. त्याच्याकडे इंजेक्शन होतं. त्याला फक्त एक शब्द हवा होता, आणि तो शब्द त्या अख्ख्या इमारतीत तुला एकट्याला ठाऊक होता. तू तो गिळलास. ती मरेपर्यंत गिळून बसलास, आणि नंतर तिच्या सुनेवर खुनाचा आळ आला तरी गिळूनच बसलास. आज ओरडलास ना, माणसं मरतील म्हणून? मग त्या खाटेपाशी का नाही ओरडलास?"

बेड्या पडताना त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. म्हातारबुवांनी मान फिरवली.

७

मावशींच्या मुलाला लवंगीनं सगळं त्याच्या घरी जाऊन सांगितलं, सुनेसमोर. तो ऐकता ऐकता भिंतीला टेकत खाली बसला.

"माझं चुकलं," तो बायकोला म्हणाला. "मी तुला काय काय बोललो..."

"ते मी एक वेळ गिळेन," ती म्हणाली. आवाजात तसूभर ओलावा नव्हता. "पण बरणी मी फेकली. आत काय आहे हे कळायच्या आधी फेकली. आणि इस्पितळात त्यांनी विचारलं, औषधं कुठली चालू होती, तेव्हा तू फोनवरून सांगितलंस काही नाही, आणि मीही म्हटलं काही नाही. झाडपाला होता ना. तो आपण औषधात धरलाच नाही. आता हे कुणाला सांगू? आई ऐकायला आहेत का?"

मुलगा तिचा हात धरायला गेला. तिनं काढून घेतला, पण खोलीतून ती गेली नाही.

लवंगीला थांबायला वेळ नव्हता. लाल झाकणवाल्या गिऱ्हाइकांना शोधून इस्पितळात पोचवायचं होतं, आणि तोवर तेच विष रोजच्यासारखं घेत राहा असं त्यांना आपल्या तोंडानं सांगायचं होतं. ते सांगताना प्रत्येक वेळी तिची जीभ भाजत होती. निम्मे जण विश्वास ठेवायला तयार नव्हते. एक बाई तर अंगावर आली, "आमचे हात बरे झालेले तुम्हाला बघवत नाहीत का?"

शेवटी वैद्यबुवाच दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. समोर घोळका जमला. मागे इस्पितळाची गाडी उभी होती.

"माझ्या छपराखाली तुम्हाला फसवलं गेलं," ते म्हणाले. "गुण माझ्या मुळ्यांचा नव्हता. मला वाटत होता. मलाही ते ऐकायला गोड लागत होतं, म्हणून मी विचारलं नाही. आता डॉक्टर सांगतील तसं, हळूहळू, हे सोडायचं. मनानं नाही."

पाववाला पुढे झाला. "आणि आमचे हात?"

"पुन्हा दुखतील."

"किती?"

"पूर्वीइतके. डॉक्टरांकडे संधिवाताची खरी औषधं आहेत, ती घ्या. त्यांना विचारून, त्यांना दाखवून माझं साधं चूर्ण घेतलंत तर थोडं बरं वाटेल. थोडंच."

"थोडंच?" पाववाला ओरडला. "एवढं सगळं होऊन तुम्ही मला थोडंच सांगताय?"

"खरं तेवढंच आहे, बाळा."

पाववाल्यानं पायरीवर लाथ मारली, एक शिवी हासडली आणि उलटा चालू लागला. लवंगीनं त्याची वाट अडवली.

"आधी गाडीत बसा. मग हव्या तेवढ्या शिव्या घाला. मीही घालते तुमच्याबरोबर, माझ्याकडे भरपूर आहेत."

पाववाला पाय आपटत गाडीत चढला. त्याच्यामागून बाकीचे चढले, कुणी रडत, कुणी बडबडत. सर्वांत शेवटी वैद्यबुवा काठी टेकत आले आणि गाडीचा दांडा धरला.

"मलाही घ्या," ते म्हणाले. "कुणाला किती दिलं जायचं, कधीपासून, ते विचारतील डॉक्टर. मला जे माहीत आहे ते सांगतो. जे माहीत नाही तेही सांगतो."

"जागा करा यांना," लवंगी म्हणाली.

गाडीत कुणी हललं नाही. वैद्यबुवा खालीच उभे, सुजलेल्या गुडघ्यावरचा भार काठीवर घेत. बऱ्याच वेळानं पाववाला, बाहेर रस्त्याकडे तोंड करून, वीतभर सरकला.